मागच्या खोलीतलं ऊन

तुम्ही कधी कुणाच्या घरी जाऊन, त्यांच्याच खिडकीतून त्यांच्याच मांडीवर पडलेलं ऊन “इथे येतच नाही” असं त्यांना समजावून सांगितलंय का? हातात रंगीत कागद धरून? कपाळावरचा घाम पुसत पुसत?

मी सांगितलंय. आता तुम्ही म्हणाल, काहीतरीच काय! पण खरं सांगते. हसायचं असेल तर हसा, फक्त शेवटपर्यंत ऐका. त्यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, आणि मला अजून टोचतं असंही थोडं आहे.

आमचं डोंबिवली पूर्वेला एसीचं छोटं दुकान आहे. विकायचे, बसवायचे, बिघडले की दुरुस्त करायचे. हातातलं काम आमचे हे बघतात. फोन, बिलं आणि चिडलेल्या गिऱ्हाइकांची समजूत हे खातं माझ्याकडे. मी दहावी पास. पण समजूत घालायला दहावी पुष्कळ होते.

यांची काम करायची पद्धत आधी सांगायला हवी. हे कुठल्याही खोलीत गेले की दाराशी चप्पल काढतात, मधोमध उभे राहतात, वर छताकडे बघतात, खिडकीकडे बघतात, आणि मग भिंतीला तळहात लावतात. पोराच्या कपाळाला लावावा तसा, ताप बघायला! आणि सांगतात, “दीड टन.”

संपलं! टन म्हणजे वजन नव्हे हं, एसीची ताकद. मलाही ते लग्नानंतरच कळलं. गिऱ्हाईक विचारतं, “दीडच का? एक का नाही?” तर हे म्हणतात, “बसवल्यावर कळेल.” आणि कळतं! इतक्या वर्षांत कुणी परत आलं नाही की, अहो, खोली गार होत नाही.

तर झालं काय, ठाण्याला कोलशेतच्या जुन्या गावठाणात नाखवा म्हणून एक कोळी कुटुंब आहे. त्यांनी जुन्या जागेवर नवं दोन मजली घर बांधलं. घरात नाखवा काकू आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव बाबा म्हणतं. मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने पाण्यावर. बाबांची जन्मभर खाडीत होडी होती. आता हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं की यांना उकाड्यात ठेवू नका, घामाने जीव घाबरा होतो. म्हणून वरच्या मजल्यावरची मागची खोली बाबांची ठरली, आणि सगळ्यात आधी तिथे एसी हवा होता.

हे एकदा जाऊन बघून आले. भिंतीला हात लावला आणि सांगून टाकलं, “मागच्या खोलीत दोन टन. पुढच्या खोलीत दीड.”

काकूंना पटलं. पण जहाजावरून मुलाचा फोन आला. “काका, असं अंदाजाने नको. लोड कॅलक्युलेशनचा रिपोर्ट द्या. बाबांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.”

लोड कॅलक्युलेशन म्हणजे काय, तर खोलीत उन्हातून, भिंतीतून, माणसांमुळे, दिव्यांमुळे किती उष्णता येते, आणि ती बाहेर काढायला किती ताकदीचा एसी लागेल, याचा हिशोब. तो करायची सॉफ्टवेअर असतात म्हणे.

फोन ठेवून हे म्हणाले, “रिपोर्ट? मी काय रक्त तपासायची लॅब आहे?”

“अहो, पण त्याचं काय चुकलं? बाप आहे त्याचा.”

“मी कुठे म्हणतो चुकलं? पण मला कुठे जमतंय ते. सुलू, तूच बघ. कुठलं घ्यायचं, कसं करायचं, सगळं तूच ठरव.”

आता काय सांगू तुम्हाला, दुकान काढल्यापासून “तूच ठरव” हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं! दिवाळीला गिऱ्हाइकांना कॅलेंडर द्यायचं की नाही हेसुद्धा आमच्याकडे हेच ठरवतात. मी पदर खोचला.

आमची लेक मुग्धा, ती कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिने मला लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर काढून दिली. दोन्ही काही दिवस फुकट वापरून बघायची, मग आवडेल त्याचे वर्षाचे पैसे भरायचे. ऑफिसला जाता जाता म्हणाली, “आई, एक लक्षात ठेव. तू जे भरशील त्यावरच ते चालतं. माहिती बरोबर दे, बाकी ते करतं.”

“मी काय चुकीची माहिती देणार आहे?” मी म्हटलं.

बोलून गेले बाई!

पहिलं सॉफ्टवेअर परदेशी. ते इतके प्रश्न विचारायचं, की मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी एवढे विचारले नसतील. भिंत किती जाड? विटेची की ब्लॉकची? काच एकेरी की दुहेरी? तळघर आहे का? भिंतीत शेकोटी आहे का?

मी मनापासून काम करणारी बाई. एकही जागा रिकामी सोडायची नाही असं ठरवलेलं. लावला फोन.

“काकू, तुमच्या भिंतीत शेकोटी आहे का?”

“काय हाय?”

“शेकोटी. लाकडं जाळायला. घरात ऊब राहावी म्हणून.”

“राँग नंबर हाय,” असं म्हणून काकूंनी फोन ठेवला.

मी परत लावला. “काकू, मी सुलभा. डोंबिवलीहून. एसीवाले आहेत ना, त्यांच्या घरून.”

“गो बाय, तुझा नवरा तर एसी लावतो ना? मग शेकोटी कशाला? आधी तापवणार नि मग गार करणार?”

“नाही काकू, ते सॉफ्टवेअर विचारतंय.”

“त्याला सांग मे महिना हाय.”

“बरं, घरात माणसं किती?”

“आमची? मी, बाबा, मुलगा, सून, दोन पोरं. लेक वसईला दिलीय, ती पण आमचीच. तिची पोरं सुट्टीत इथेच असतान. धाकटा दीर...”

“काकू, काकू, मागच्या खोलीत झोपणार कोण?”

“बाबा.”

“एकटेच?”

“एकटा कशाला? त्याचा रेडिओ हाय.”

मी रेडिओसुद्धा भरला. खोटं नाही सांगत, विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी तिथे वेगळी जागा होती!

एका प्रश्नावर मात्र गाडी अडली. कुठली भिंत कुठल्या दिशेला? आता हे फोनवर विचारण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, आपण प्रत्यक्ष जाऊ, मापं घेऊ, दिशा बघू. रिपोर्ट म्हणजे रिपोर्ट!

दुसऱ्या दिवशी यांच्या मोटरसायकलवर मागे बसून निघाले. डोंबिवली पश्चिमेहून माणकोलीचा पूल, मग पुढे हायवे, मग ठाण्यात शिरतानाचा खाडीपूल. हे पूल नीट लक्षात ठेवा. मी ठेवले नाहीत. यांनी मला कोलशेतला सोडलं आणि हे माजिवड्याला दुसऱ्या कामाला गेले.

नाखवांचं घर म्हणजे पुढे खाडी, मागे नारळ. घरात अजून माणसं राहायला आली नव्हती, रंगाचा शेवटचा हात चालू होता. म्हणून सगळ्या खिडक्यांच्या काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली. पण वास्तुशांत झालेली, त्यामुळे देव मात्र आधीच राहायला आलेले. हॉलमध्ये नवा देव्हारा, समोर समई. काकू दिवाबत्तीपुरत्या येऊन-जाऊन होत्या.

मी टेपने मापं घेतली. मग फोन काढला. मुग्धाने त्यात दिशा दाखवायचं होकायंत्र घालून दिलेलं. ते उघडलं तर म्हणतं, फोन हवेत आठच्या आकड्यासारखा फिरवा. फिरवला. परत म्हणतं फिरवा. परत फिरवला. काटा आपला भोवऱ्यासारखा गरगर गरगर!

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. “काय गो, आरती करतेस? थांब, निरांजन आणते.”

मी ओशाळून फोन पिशवीत टाकला. बरं, दुपारचे बारा. सूर्य बरोब्बर डोक्यावर. सावलीसुद्धा पायाखाली. मग काकूंना सरळ का नाही विचारलं, असं तुम्ही म्हणाल. अहो, कसं विचारणार? मी रिपोर्टवाली! रिपोर्टवालीने गिऱ्हाइकाला विचारायचं, काकू, पूर्व कुठली हो?

आणि तेवढ्यात माझी नजर देव्हाऱ्यावर गेली.

बघा हं, तुमच्या-माझ्या घरात काय पद्धत आहे? पूजेला बसलं की आपलं तोंड पूर्वेला. माझ्या माहेरी तसंच, सासरी तसंच, शेजारी तसंच. यात विचारण्यासारखं काय आहे? मी देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले, हात जोडले. माझं तोंड घराच्या मागच्या बाजूला होतं, पाठ खाडीकडे. म्हणजे घराची मागची बाजू पूर्व! आणि खाडी पश्चिमेला!

वर आणखी एक पुरावा मिळाला. आमच्या डोंबिवलीला खाडी पश्चिमेलाच आहे ना. मोठागावच्या बंदरावर संध्याकाळी जाऊन उभं राहा, सूर्य तिकडेच बुडतो. म्हणजे देवही तेच सांगतोय आणि खाडीही तेच. दोन साक्षीदार! कोर्टातसुद्धा एवढ्यावर निकाल लागतो.

वळसा घालून येणाऱ्या त्याच खाडीवरचे दोन-दोन पूल ओलांडून आपण तिच्या पलीकडच्या काठाला आलो आहोत, हे माझ्या डोक्यात यायला नको होतं का? नाही आलं. देवाला नमस्कार करून उठले आणि लिहून टाकलं. मागची खोली, पूर्व.

काकूंनी हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, “बरी भाविक हाईस हो!”

घरी येऊन परदेशी सॉफ्टवेअरमध्ये सगळं भरलं. बटण दाबलं. चक्र फिरलं, आणि उत्तर आलं. मागच्या खोलीत दीड टन. पुढच्या खोलीत दोन.

यांनी सांगितलेलं त्याच्या बरोब्बर उलट!

आता एखाद्या शहाण्या बाईला निदान शंका आली असती, की एवढं आरशात बघितल्यासारखं उलटं उत्तर येतंय, तर आपण तर काही उलटं केलं नाही ना? मला मात्र वेगळंच वाटलं. मला वाटलं, अगंबाई! म्हणजे इतकी वर्षं यांचा हात चुकतच होता की काय!

मग दुसरं सॉफ्टवेअर उघडलं. हे अगदीच साधं. नकाशावर घराचं छप्पर शोधायचं, त्याच्या कोपऱ्यांवर बोट ठेवायचं, खोल्या आखायच्या. दिशा विचारायची नाही, शेकोटी विचारायची नाही, रेडिओ तर नाहीच नाही. आणि काही न विचारता उत्तर काय देतं? मागे दोन टन, पुढे दीड.

म्हणजे यांचंच!

मी खूप विचार केला, खरंच केला. एक सॉफ्टवेअर माहेरच्या माणसासारखी सगळी चौकशी करून बोलतंय. दुसरं पत्रिका न बघता भविष्य सांगणाऱ्यासारखं. शिवाय हे जे सांगतात तेच ऐकायचं असेल, तर त्यासाठी वर्षाचे पैसे कशाला भरायचे? ते तर मला घरात एका चहावर मिळतं! दुसऱ्याला मी नावच ठेवलं, होयबा. होयबाला रजा दिली, आणि परदेशी पाहुण्याचे वर्षाचे पैसे भरून टाकले.

रात्रीच्या जेवणाला यांना सांगितलं.

“अहो, बाबांच्या खोलीत दीड पुरे आहे. दोन पुढे लागेल.”

यांचा घास हातात राहिला. “मागची भिंत गरम होती गं.”

“मे महिन्यात कुठली भिंत गार असते?”

“तसं नाही. मी संध्याकाळी गेलेलो. चांगलीच तापलेली.”

“पूर्वेची भिंत आहे ती. सकाळी तापते. दुपारनंतर तिथे ऊनच नाही.”

“पूर्व? तुला कसं कळलं?”

“देव्हाऱ्यावरून काढली.”

हे म्हणाले, “देव्हाऱ्यावरून? मग बरोबरच असेल.”

आणि ताटात बघून जेवत राहिले. भात परत घेतला नाही. मला वाटलं, पटलं यांना. मी वर मुग्धाला म्हटलंसुद्धा, “बघ, तुझे बाबा किती मोकळ्या मनाचे आहेत, चूक दाखवली तर लगेच मान्य करतात.” मुग्धा बापाकडे बघत होती.

मी रिपोर्टची रंगीत प्रत काढली. स्पायरल बाइंडिंग केलं. वर प्लास्टिकचं कव्हर. आतमध्ये लाल-निळे खांब, गोल गोल चित्रं. लग्नाच्या अल्बमसारखा दिसत होता. मी तो पिशवीत न ठेवता हातात धरून नेला, रस्त्यात लोकांना दिसावा म्हणून.

तोपर्यंत नाखवा नव्या घरात राहायला आले होते. काकूंनी बोलावलं दुपारी तीनला. “बाबांच्या खोलीतच बसू,” म्हणाल्या, “त्यालाही ऐकू दे.”

आम्ही दोघं वर गेलो. खिडकीवरची वर्तमानपत्रं निघाली होती, पडदे अजून लागायचे होते. आणि त्या खोलीत, काय सांगू, ऊन असं पसरलेलं जसं वाळवणाला घातलंय! खाटेवर, फरशीवर, भिंतीवर. बाबा खाटेवर पडलेले, डोळ्यांवर ओला पंचा. काकू खाली बसून त्यांना विंझणा घालत होत्या. विंझण्याचा वारासुद्धा गरम येत होता.

तुम्ही म्हणाल, आता तरी! दार उघडल्याबरोबर कळायला हवं होतं. खरंय. पण माझ्या हातात स्पायरल बाइंडिंग होतं. माणसाच्या हातात स्पायरल बाइंडिंग असलं की डोळ्यांना दिसत नाही.

मी उन्हातच बसले. कागदावर इतका उजेड पडला की अक्षर दिसेना. म्हणून दुसरा हात आडवा धरून सावली केली, आणि त्या सावलीत वाचलं, “मागची खोली. दुपारनंतर थेट ऊन, नाही.”

काकूंचा विंझणा थांबला. “नाय?”

“नाही.”

“मग हे काय पडलंय माझ्या मांडीवर?”

मी बघितलं. ऊन होतं. पण मी हार मानायला तयार नाही! “समोरच्या काचांवरून उलटून येत असेल काकू. बिल्डिंगच्या काचा असतात ना, त्यावरून.”

“समोर आमचा नारळ हाय. नारळाला काचा कोण लावतंय गो?”

पंचाखालून बाबांचा आवाज आला, बारीक, दमलेला. “तिला म्हणावं, नाय ना येत ऊन? मग तो कागद खिडकीला लाव. तेवढाच आडोसा.”

मी आमच्या यांच्याकडे बघितलं. हे कधीचेच उठून भिंतीपाशी गेले होते. तळहात भिंतीवर ठेवून उभे होते, आमच्याकडे पाठ करून.

“काकू,” मी म्हटलं, आवाज जरा चिरकलाच माझा, “ही पूर्वेची खिडकी आहे. तीन वाजता पूर्वेच्या खिडकीत ऊन येऊच शकत नाही.”

“पूर्वेची? कुणी सांगितलं तुला?”

“तुमच्या देवांनी.”

बाबांनी पंचा बाजूला करून एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

आणि मग काकूंना समजलं. त्यांना आठवलं, मी त्या दिवशी देव्हाऱ्यापुढे कशी पाठ ताठ करून बसले होते ते. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग सगळ्या काकू हलायला लागल्या. विंझणा हातातून पडला. “बाबा, ऐकलंस? ही देवावरून दिशा काढून गेली! नि मी हिला भाविक समजले! साखर ठेवली हातावर!”

हसून डोळे पुसत मला म्हणाल्या, “आमचं देव खाडीकडं तोंड करून बसतान गो बाय. माझ्या सासूने तसंच बसवलेलं, तिच्या सासूने तसंच. घरातली माणसं पाण्यावर असतान. देवाने त्यांच्याकडं बघाला नको? तो काय पूर्व-पश्चिम बघतो? तो माणूस बघतो.”

खाडी पूर्वेला होती. देव पूर्वेकडे बघत बसलेले. आणि मी त्यांच्यासमोर पश्चिमेला तोंड करून बसले होते, आणि पश्चिमेला पूर्व म्हणून लिहून आले होते. सगळं घरच गरकन फिरवून ठेवलेलं मी! आणि होयबाने दिशा विचारली नव्हती, कारण नकाशावर ती त्याला दिसतच होती!

मीही हसले. काय करणार? पण काकूंचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी विंझणा उचलला, बाबांच्या कपाळावरचा घाम टिपला आणि हळूच म्हणाल्या, “ह्याचा दुपारचा जीव कसा होतो, आता बघितलास ना? नि लहान मशीन लावून गेली असतीस इथे, तर?”

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मग त्या यांच्याकडे वळल्या. “भाऊ, तुम्ही तर पहिल्याच दिवशी दोन सांगितलेलं. मग बदललं कशाला?”

यांनी भिंतीवरचा हात काढला. “मशीनने सांगितलं काकू.”

माझं नाव घेतलं नाही. तिथे, त्या उन्हात, सगळ्यांसमोर, यांनी माझं नाव घेतलं नाही.

“मशीनने नाही,” मी म्हटलं. “मी सांगितलं. मशीनला मीच चुकीचं सांगितलेलं.”

“बरं बरं,” काकू उठल्या. “आता उद्या सकाळी येऊन दोनचा लावा. पोराला मी सांगते. नि तू, बाय, सरबत पी. उन्हात बसलीस कधीची. म्हणजे, नसलेल्या उन्हात!”

परत येताना पहिला पूल आला, खाडी मागे पडली. दुसरा पूल आला, खाडी परत आली. मी मागे बसून प्रत्येक वेळी बघत होते की सूर्य कुठे आहे. आता बघून काय उपयोग?

घरी आल्यावर चहा टाकला. कप यांच्यापुढे ठेवून म्हटलं, “तुम्ही भांडला का नाहीत माझ्याशी? तुम्हाला माहीत होतं भिंत गरम होती ते.”

हे कपाकडे बघत राहिले. “मला वाटलं, मशीन एवढा हिशोब करून सांगतंय, तर माझंच चुकत असेल. मग वाटलं, हे एक चुकलं तर आधीची किती चुकली असतील? गेले चार दिवस मी एकेक घर आठवतोय, सुलू. रामनगरातली ती आजी. पलाव्यातलं ते जोडपं, बाळ होतं त्यांचं. मी हात लावून सांगितलं, आणि त्यांनी ऐकलं. कुणी तक्रार केली नाही. पण लोक तक्रार करतातच असं नाही ना. उकडत असेल तरी सोसतात.”

मला वाटलेलं मोकळं मन! हे भात परत घेत नव्हते, आणि मी त्याला मोठेपणा म्हणत होते.

मी लॅपटॉप उघडला. तोच परदेशी पाहुणा, वर्षाचे पैसे भरलेला. दुसरं काही बदललं नाही, रेडिओसुद्धा तसाच ठेवला. फक्त मागच्या खोलीपुढचं ‘पूर्व’ काढून ‘पश्चिम’ केलं, आणि पुढच्या खोलीचं उलट. चक्र फिरलं. मागे दोन टन. पुढे दीड.

त्या बिचाऱ्याने एकदाही म्हटलं नाही, की बाई, आधी नीट का नाही सांगितलंस?

हे खुर्ची ओढून जवळ आले. चष्मा लावला. “परत कर बघू.”

मी पूर्व केलं. दीड आलं.

“आता पश्चिम.”

दोन आलं.

“अजून एकदा.”

मुग्धा दाराशी येऊन उभी राहिलेली. म्हणाली, “बाबा, ते दर वेळी तेच सांगणार आहे.”

“असू दे,” हे म्हणाले. “सांगू दे त्याला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं कोलशेतला गेलो, यांनी बाबांच्या खोलीत दोन टनाचा एसी बसवला, आणि मी खाली उभी राहून शिडी धरली.